सामजीदादांचा बोकड

दानाची थैली पहिल्या रांगेतून फिरू लागली की सामजीदादा उठायचे. हातात जे काही आणलेलं असेल, पायलीभर तांदूळ, दोन पपया, रुमालात बांधलेली अंडी, ते थैलीपाशी न नेता सरळ पुढे यायचे, वेदीसमोर जमिनीवर ठेवायचे आणि पाठ फिरवून चर्चबाहेर चालू लागायचे. मी तिथेच पुढे उभा असायचो. सगळी मंडळी माना वळवून त्यांच्याकडे बघायची. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या, "या आठवड्याले कोन?"

शास्त्रात सांगितलं आहे की देवाला भेट द्यायला आलास आणि कोणाच्या मनात तुझ्याविषयी अढी आहे हे आठवलं, तर भेट तशीच ठेवून आधी त्याच्याकडे जा. त्या वचनावर मी कितीतरी उपदेश ऐकले होते, काही स्वतः दिले होते. पण भर उपासनेतून उठून खरोखर गेलेला माणूस मी सामजीदादांच्या आधी पाहिला नव्हता.

आमच्या भागातल्या मंडळ्यांत आज सामजी गावित हे नाव गर्वाचा दाखला म्हणून घेतलं जातं. भरसभेत त्याने पाळकाला खोटं पाडलं, म्हणून त्याची वडीलकी, म्हणजे मंडळीच्या पंचांमधली जागा गेली, असं सांगतात. तो पाळक मी. आणि हा दाखला, बदली होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर, पहिल्यांदा मीच उपदेशात वापरला. तेव्हा तो मागे घेणंही माझ्याचकडे आलं.

मी चिंचपाड्याच्या आत, डोंगराच्या बाजूच्या त्या गावात पाळक म्हणून गेलो तेव्हा चाळिशीत होतो. सामजीदादा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. गरीब, भोळा वगैरे माणूस अजिबात नव्हे. गावातला पहिला ट्रॅक्टर त्यांचा, पहिला स्लॅबही त्यांच्याच घरावर. आवाज असा की नदीपलीकडच्या गड्याला हाक मारली तर अलीकडची गुरं बिथरायची. घरात ते मावची बोलत. मी शहाद्याकडचा, मला ती नीट येत नसे, म्हणून माझ्याशी नंदुरबारच्या मिरचीबाजारात उचललेली अहिराणी बोलायचे. त्यांचं बायबल घरात नव्हे, तर ट्रॅक्टरच्या पान्यांच्या पेटीत असे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. पानांना ऑइलचे डाग. कोणी हुज्जत घालू लागलं की पेटी उघडायची, बोट ठेवून एकेक शब्द वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. "लिखेल शे ना? मंग वाद कशाना?"

भांडखोर मात्र अव्वल. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं, आणि म्हणूनच दर रविवारी कोणाकडे तरी जायची पाळी यायची. शेताच्या कडेची पिकं गरिबांसाठी सोडावीत असं शास्त्रात आहे, म्हणून ते भाताचे चारही कोपरे कापायचे नाहीत. एका वर्षी ते कोपरे शेजाऱ्याच्या म्हशींनी साफ केले. सामजीदादांनी बांधावर उभं राहून त्या शेजाऱ्याच्या आजोबापणजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. रविवारी तांदूळ वेदीपुढे ठेवून त्याच्याकडे गेले, माफी मागितली, चहा प्याले, आणि निघताना म्हशीवरून पुन्हा जुंपली. मंडळीने आशीर्वाद घेऊन घरी जायचं, तर सगळी दारात थांबलेली, दादा परत कधी येतात आणि तांदूळ कधी उचलून देतात म्हणून. मी एकदा चिडवलं, "दादा, पाप करणारा डोळा उपटून टाका असंही लिहिलंय. त्याचं काय?"

ते गंभीरपणे म्हणाले, "डोळानी चूक करी ते काढी टाकसू. पन पास्टरसाहेब, मन्हं सगळं पाप जिभनं शे. जीभ काढानं कोठे लिखेल शे, दाखाडा."

हे मी आज हसत लिहितो आहे. तेव्हा हसू येत नसे. मी पदवी घेतलेला, मूळ भाषेतल्या शब्दांची फोड करून सांगणारा माणूस. उपदेशाची तयारी शुक्रवारपासून करायचो. आणि मंडळी ऐकायची कशी, तर एक डोळा माझ्याकडे आणि एक सामजीदादांच्या पायांकडे, ते चपला चाचपतात का बघत. माझी बायको रूथ नगरकडची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही अर्थ सांगता आणि ते उठून जातात. लोकांना जाणं दिसतं. अर्थ कुठं दिसतो?" दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

मिरचीबाजारातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याशी दादांची तोलावरून बाचाबाची झाली होती. रविवारी अर्ध्या उपासनेतून उठून हा माणूस नंदुरबारला जाऊन त्या व्यापाऱ्याच्या घरी उभा राहिला. पुढे कधीतरी तो व्यापारी मला स्टेशनवर भेटला. मी पाळक आहे कळल्यावर हात जोडून म्हणाला, "पास्टरजी, हम जैन लोग साल में एक दिन सबसे माफी मांगते हैं. आपका सामजीभाई तो हर हफ्ते मांगता है! आपने क्या सिखाया है उसको?" मी मान डोलावली. मी त्यांना काहीच शिकवलं नव्हतं. त्या माणसाला वाटणारं कौतुक माझ्या नावावर जमा होत होतं आणि तेही मला सुखाने घेता येत नव्हतं.

मग शिमोन आणि त्याच्या भावाचं विहिरीवरून फाटलं. दोघं एकाच चर्चमध्ये दोन दारांनी यायचे. शिमोन मंडळीचा वडील, कापणीच्या सणाला लिलाव पुकारणारा, माझ्या विश्वासातला. मी दोघांकडे वारंवार गेलो, वचनं दाखवली, प्रार्थना केल्या. दोघं डोळे मिटून आमेन म्हणायचे आणि विहिरीला आपापलं कुलूप लावायचे. एका रविवारी सामजीदादा उठून शिमोनच्या भावाच्या ओट्यावर गेले. कशासाठी, तर मागे कधीतरी त्याला ते "पानीचोर" म्हणाले होते. शिमोनची बाजू घेऊन म्हणाले होते, म्हणून मग शिमोनलाही हाक मारून बसवलं, की तुझ्यामुळे माझं तोंड विटाळलं, आता तूही माफी माग. संध्याकाळी दोन्ही कुलपं निघाली. पुढच्या रविवारी दोघं भाऊ एका दाराने आत आले, आणि मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका सामजीदादांचे हात डोळ्यांना लावायला पुढे सरसावल्या. माझ्याशी कोणी बोललं नाही असं नाही. एकीने विचारलं, "पास्टरसाहेब, तुम्ही बी गयथात ना तठे?"

त्या दिवसापासून मी दादांकडे चहाला जायचं बंद केलं. कारणं देत राहिलो, कधी पोटाचं, कधी कामाचं. शास्त्रवाचनाची पाळी त्यांच्याकडे असे, ती काढून नवापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका तरुणाला दिली. उच्चार शुद्ध हवेत, असं म्हणालो. दादा एवढंच म्हणाले, "बराबर शे. मी अडखळस." रस्त्यात भेटले की ते थांबायचे आणि मी घड्याळ बघायचो.

कापणीचा सण आला. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक घर शेतातलं, गोठ्यातलं पहिलं काहीतरी आणतं. भात, नागली, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे रचतात, मी ते अर्पण करून प्रार्थना करतो, आणि मग बाहेर मांडवात त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी नंदुरबारहून आमच्या संस्थेचे पाहुणे आले होते. पहिल्या रांगेत बसले होते. मी माझा सर्वांत चांगला उपदेश राखून ठेवला होता.

सामजीदादा काळ्या रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक तरणा बोकड खांद्यावर टाकून आत आले. वेदीच्या कठड्याला त्यांनी तो बांधला. लोकांना वाटलं, आता बाहेर जाणार. ते वळले आणि माझ्याकडे चालत आले.

"पास्टरसाहेब," ते म्हणाले. हळू बोलायचा त्यांचा प्रयत्न होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "तुमना मनमा मन्हाबद्दल काहीतरी शे. मन्ही भेट मी तठे ठेवी, आनि तुमनाकडे उनू. काय चुकनं मन्हं, सांगा."

पाहुणे माझ्याकडे बघत होते. रूथ बघत होती. मी हसलो. "छे, दादा, माझ्या मनात काही नाही. बसा तुम्ही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रागाने नव्हे. दूरचं काही वाचता येतं का ते बघावं तसं. मग म्हणाले, "मंग बोकड ऱ्हाऊ द्या तठेच. तुमले सांगासारखं वाटी, तवय सांगा." आणि जाऊन आपल्या जागी बसले.

माझा उपदेश पार पडला. त्यात बोकड ओरडत होता. प्रार्थनेनंतर सगळ्या वस्तू बाहेर लिलावाला गेल्या आणि शिमोन बोकडापाशी येऊन अडला. "पास्टरसाहेब, हा पुकारू कसा? दादांनी ठेवलाय, पण दिलेला नाही. देवाचा झाला नाही, आणि दादांचाही राहिला नाही." कोणी म्हणालं परत नेऊन द्या. दादा म्हणाले, वेदीपुढे ठेवलेलं परत कसं नेऊ? पाहुणे गाडीत बसेपर्यंत ही चर्चा चालू होती. शेवटी बोकड व्हरांड्याच्या खांबाला बांधला, आणि तो तिथेच राहिला. येणारी जाणारी माणसं त्याला पाला टाकायची. बायका तांदळाचं धुवण ठेवायच्या. उपदेश करताना मला खिडकीतून तो दिसायचा, रवंथ करत माझ्याकडे बघताना.

मंडळीच्या वडिलांची बैठक मी बोलावली. सामजीदादांनी मंडळीसमोर पाळकाला खोटं ठरवलं, हा प्रश्न होता. कोणाला बोलायचं नव्हतं, म्हणून मी शास्त्र उघडलं. जिवावर उठलेला राजा शौल गुहेत एकटा सापडला असतानाही दाविदाने त्याच्यावर हात उचलला नाही, कारण शौल देवाने अभिषेक केलेला होता, हा सगळा प्रसंग मी वाचून दाखवला. देवाने नेमलेल्यावर हात टाकू नये, हे सांगितलं. वचनापुढे आमच्या गावात कोणी बोलत नसे, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

सामजीदादांनी मान खाली घातली. "लिखेल शे," ते म्हणाले. "माले मान्य शे. वडीलकी काढी ल्या." मग उठता उठता, "पन बोकड नही काढता येवाव. तेबी लिखेलच शे."

घरी येऊन मी रूथला सगळं सांगितलं, जिंकून आल्यासारखं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबवून म्हणाली, "दाविदावर शौल का उठला होता हो? बायका दाविदाची जास्त गाणी म्हणायला लागल्या म्हणूनच ना?" मी बायबल कपाटात ठेवू लागलो. "एवढ्या शास्त्रातून तुम्हाला स्वतःसाठी शौलच सापडला?" ती म्हणाली, आणि घड्या घालू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली. नंतर आलेल्या पाळकांनी बोकडाविषयी विचारलं तर दादा त्यांना सांगत, ज्याच्यासाठी अडलाय तो पास्टर गेला, तो येईल तेव्हा बघू. तो बोकड म्हातारा होऊन मेला. आमच्या भागात बोकड म्हातारा होऊन मरत नाही. सण येतात, पाहुणे येतात. त्याला मात्र कोणी हात लावला नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी निवृत्त होऊन नंदुरबारला राहतो. वडील चिंचपाड्याच्या दवाखान्यात आहेत, तुमची आठवण काढतात, असं तो म्हणाला. रूथ जाऊन बरीच वर्षं झाली होती, नाहीतर तिनेच मला आधी धाडलं असतं. मी पॅसेंजरने गेलो. दादा खाटेवर उशाला टेकून बसले होते. आवाज निम्मा झाला होता, म्हणजे साधारण आपल्याएवढा.

"दादा," मी म्हणालो, "त्या दिवशी माझ्या मनात होतं."

"माहीत शे."

"मग तेव्हाच का नाही म्हणालात, की पास्टर खोटं बोलतोय?"

"जाय आनि समेट कर, इतलंच लिखेल शे. त्याले खोटा पाड, असं नही लिखेल." ते दम घ्यायला थांबले. मग माझा हात धरून म्हणाले, "पन आते सांगा. काय बिघाडं व्हतं मी तुमनं? इतला वरीस याद करी ऱ्हायनू, सापडनंच नही."

या माणसाने एवढी वर्षं स्वतःची चूक शोधण्यात घालवली होती. मी म्हणालो, "तुम्ही काही बिघडवलं नव्हतं. लोक तुमचं ऐकायचे. मला ते बघवत नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. नर्स धावत आली. "बस? इतलंच?" ते म्हणाले. "माले वाटे, मन्हा कुत्रानी तुमना कोंबडा खाधा व्हई!"

मीही हसलो, रडलोही. मला वाटलं, सुटलो. पण खोकला शांत झाल्यावर त्यांनी माझा हात सोडला नव्हता. "पास्टरसाहेब, माले सांगं, चांगलं करं तुम्ही. पन तुम्ही मंडळीम्होरे बोलना व्हतात. मंडळीम्होरेच सांगा. मन्हं काही नही. मन्ही बायको मार्था इतला वरीस बायासमा मान खाले घालीसन बठस. तिनाकरता सांगा." मी हो म्हणालो. पुढच्याच रविवारी येतो म्हणालो.

पुढच्या रविवारी मला बरं वाटत नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी नातलगांकडे लग्न होतं. मग त्यांच्या मुलाचा पुन्हा फोन आला, तो दादा गेल्याचा.

अंत्यविधीला एवढी माणसं मी आमच्या भागात पाहिली नाहीत. गुजरातच्या बाजूने जीपा भरून आल्या होत्या. त्या व्यापाऱ्याचा मुलगा आला होता. ज्यांना दादांनी शिव्या दिल्या होत्या, ते सगळे आले होते, म्हणजे गावोगावचे लोक. मांडव पुरेना. शवपेटी समोर आणि ती गर्दी बघून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर माझ्या वेळी किती येतील. या वयात, त्या जागी.

जुने पाळक म्हणून मला बोलायला सांगितलं. मी बोललो. दादांचा आवाज, ट्रॅक्टर, जिभेची गोष्ट, मिरचीबाजार, सगळं सांगितलं. लोक हसले, रडले. बोकडाच्या गोष्टीपाशी आलो तेव्हा सगळे माझ्याकडे एकटक बघत होते, आणि मला त्यांचं ते बघणं आवडलं. ते मोडवेना. दादांच्या निष्ठेची खूण, असं काहीसं म्हणून मी पुढे सरकलो. खाली उतरल्यावर चारपाच जणांनी माझे हात धरले, फार छान बोललात म्हणाले.

मातीवरून परत आल्यावर मार्थाबाई ओसरीत बसल्या होत्या. मला त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ह्यासनी सांगं व्हतं, पास्टरसाहेब मंडळीम्होरे काही सांगतीन. मी आयकत बठेल व्हती." मी पेला खाली ठेवला. "गर्दीमा विसरनात का?"

केवढी सोय करून दिली होती त्यांनी मला. हो म्हटलं असतं तर त्यांनी आणखी पाणी विचारलं असतं.

"विसरलो नाही," मी म्हणालो. आणि मग तिथे, मुलांच्या, सुनांच्या देखत सगळं सांगितलं. मत्सर हा शब्द मी आयुष्यभर उपदेशात वापरला, तो माझ्याविषयी पहिल्यांदा त्या ओसरीत वापरला. मार्थाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. "माले काबर सांगतस?" त्या म्हणाल्या. "मन्हा घरमा हाई सगळासले माहीत शे. त्यासले सांगा." त्यांनी हनुवटीने बाहेर दाखवलं.

बाहेर मांडव सोडत होते. जीपा गेल्या होत्या, पाहुणे गेले होते, शिमोनही घरी गेला होता. गावातले दहाबारा जण राहिले होते, खुर्च्या एकात एक घालत. मी ताडपत्रीवर जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "थांबा जरा, ऐका." हातात खुर्च्या घेऊन ते थांबले. मी सांगितलं की सणाच्या दिवशी मी खोटं बोललो. सामजीदादा खरे होते. माझ्या मनात त्यांच्याविषयी मत्सर होता आणि त्यांची वडीलकी मी त्यापायी घालवली. गर्व त्यांचा नव्हता, माझा होता. सांगून झालं तेव्हा लक्षात आलं की माझा आवाज चढला होता, आणि ओसरीच्या दारात मार्थाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांची मान वर होती.

एका म्हाताऱ्याने हातातली खुर्ची खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पास्टरसाहेब, सगळा व्हतात, तवय काबर नही सांगं?"

त्याने थोडी वाट पाहिली आणि खुर्ची उचलली. मग बाकीच्यांनीही उचलल्या. मी तिथेच उभा होतो. मागून एक जण अदबीने म्हणाला, "पास्टरसाहेब, जरासा सरका. ताडपत्री काढानी शे."

मी बाजूला झालो.